हातांचा कंप आणि मेंदूतील डोपामीनची प्रतिमा



निवृत्तिवेतनासाठी आलेल्या एखाद्या वृद्धाची सही मूळ नमुन्याशी जुळत नाही, म्हणून कागद परत जातो. सही पूर्वीपेक्षा बारीक झालेली असते व शेवटची अक्षरे अधिकच आक्रसलेली असतात. कचेरीत ती संशयास्पद ठरते, घरात म्हातारपणाची खूण मानली जाते. वस्तुतः ते पार्किन्सनच्या विकाराचे लक्षण असू शकते. या विकारात हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो आणि कामाला लागला की थरथर बरीच कमी होते. उलट, ज्याची सही मोठी व वेडीवाकडी येते, चहाचा पेला ओठांशी नेताना ज्याचा हात हिंदकळतो, त्याला बहुधा वेगळाच, पुष्कळदा घराण्यात चालत आलेला कंप असतो. दोहोंचे उपचार भिन्न आहेत.

पनवेलला वैद्यकाची परंपरा जुनी आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली येथेच धूतपापेश्वर हा औषधी कारखाना काढला. आयुर्वेदाला कंपवात परिचित आहे. आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी या संशोधकांनी १९३७ साली लेव्होडोपा वेगळे केले. आज पार्किन्सनवरील मुख्य औषध तेच आहे. (म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नयेत, मात्रेचा भरवसा नसतो.) लंडनच्या जेम्स पार्किन्सनने हा विकार १८१७ मध्ये वर्णिला होता, परंतु त्याचा डोपामीनशी असलेला संबंध उलगडण्यास पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

मेंदूच्या तळाशी असलेल्या काही काळसर पेशी डोपामीन तयार करतात व लांब तंतूंवाटे ते वरील केंद्रांना पुरवितात. तंतूंच्या टोकांशी वापरलेले डोपामीन परत आत ओढणारे वाहक असतात. किरणोत्सर्गी खूण लावलेले अत्यल्प द्रव्य शिरेतून दिले की ते या वाहकांना चिकटते आणि कॅमेऱ्यात त्याची प्रतिमा उमटते. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंस स्वल्पविरामाचा आकार दिसतो. पार्किन्सनमध्ये त्याची शेपटी आधी झिजते, तीही बहुधा एका बाजूची अधिक, आणि पूर्णविराम उरतो. साध्या घरंदाज कंपात स्वल्पविराम शाबूत राहतो.

ही द्रव्ये साठवून ठेवता येत नाहीत. टेक्नेशियमची शक्ती सहा तासांत निम्मी होते, फ्लोरिन-१८ ची दोन तासांच्या आत. यास्तव निर्मितीचे ठिकाण जवळ असावे लागते. परळच्या विकिरण वैद्यक केंद्रात २००२ मध्ये देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन कार्यान्वित झाले. पनवेलकरांस ते लोकलच्या अंतरावर आहे. पोलादपूरच्या डोंगरातील रुग्णास मात्र येण्याजाण्यात अख्खा दिवस मोडावा लागतो. म्हणूनच चाचणी कोणास हवी, हे आधी ठरले पाहिजे. लक्षणे स्पष्ट असतील तर मेंदूविकारतज्ज्ञाची तपासणी पुरते, प्रतिमेवर खर्च करण्याचे कारण नाही. शिवाय पार्किन्सन आणि त्याच्याशी साम्य असलेले काही अधिक गंभीर विकार यांतील भेद ही प्रतिमा सांगू शकत नाही.

तिचा खरा उपयोग संशयाच्या जागी होतो. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड अशा गोळ्या काही घरांत महिनोन्‌महिने चालू राहतात. त्यांनी हात थरथरू लागतो, चाल मंदावते. हुबेहूब पार्किन्सन वाटावा अशी स्थिती होते. डोपामीनची प्रतिमा मात्र सामान्य येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते औषध थांबविले की बहुतेकांना काही आठवड्यांत अथवा महिन्यांत उतार पडतो. हे न ओळखता पार्किन्सनची औषधे त्यावर चढविली गेली, तर रुग्णाचे दुहेरी नुकसान होते.

ज्यांना विकार खरोखरीच आहे, त्यांच्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये पार्किन्सनचा नामनिर्देश आहे. ही गोष्ट तलाठी व ग्रामसेवकांनी ध्यानात ठेवावी. सही न जुळणारा वृद्ध दारात आला, तर त्यास परत पाठविण्यापूर्वी हातांकडे एकवार पाहावे आणि दवाखान्यात जाताना घरातील साऱ्या गोळ्या व जुन्या सहीचे दोन-चार कागद बरोबर नेण्यास सांगावे.