महानगराचा उन्हाळा आणि गावाची नोंदवही

(दिग्रस येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हवामानातील बदलांना मोठ्या शहराने कसे तोंड द्यावे, हा आजचा विषय. दिग्रसला बसून नागपूरची चिंता आपण कशासाठी वाहावयाची, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर असे की, नागपूरचे आकाश आणि आपले आकाश वेगळे नाही. तोच नवतपा, तीच काळी जमीन, तोच लहरी पाऊस. नागपुरात माणसे दाटीने राहतात म्हणून धोका तेथे आधी दिसतो, इतकेच.

मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ऊन विदर्भाला नवे नाही. डोक्याला दुपट्टा, घरात माठ, जेवणात कांदा आणि पन्हे, दुपारी दारे बंद, हे शास्त्र आपल्या आजीपणजीपासून चालत आले आहे. परंतु या शास्त्रात एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे रात्र थंड असणे. दिवसभर सोसलेला ताप शरीर रात्री उतरवते. कवेलूचे छप्पर, मातीची भिंत आणि अंगणातील खाट यांमुळे ते साधत असे. शहरातील सिमेंटचा स्लॅब आणि डांबरी रस्ता मात्र दिवसभर ऊन साठवतात आणि रात्रभर ते परत देत राहतात. टिनाच्या खोलीत चारपाच माणसे झोपत असतील, तर त्यांच्या हृदयाला व मूत्रपिंडाला विसावा मिळत नाही. दोनतीन रात्री अशा गेल्या की वृद्ध माणूस, तान्हे मूल आणि दिवसा उन्हात राबणारा मजूर आधी कोसळतो.

कूलर आहे ना, असे कोणी म्हणेल. कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो, कारण पाणी वाफ होऊन उष्णता शोषते. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तोच पंखा ओली, उबट हवा फेकू लागतो. आणि त्याला पाणी व वीज लागते, ती नेमकी त्याच महिन्यांत दुर्मिळ असते. त्याच्या टाकीतील साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते, तो भाग निराळाच.

अहमदाबादचे उदाहरण येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघाताचे म्हणून नोंदलेले मृत्यू थोडे होते. परंतु पुढे अभ्यासकांनी त्या महिन्यातील एकूण मृत्यूंची तुलना २००९ आणि २०११ च्या मे महिन्याशी केली, तेव्हा १,३४४ मृत्यू अधिक निघाले. ही माणसे हृदयविकार, ताप, वार्धक्य अशा कारणांखाली नोंदवहीत गेली होती. तेथील महानगरपालिकेने २०१३ साली उष्णताविषयक कृती आराखडा तयार केला. आपल्याकडे नागपूर महानगरपालिकेनेही २०१६ साली तसा आराखडा हाती घेतला. हवामान खात्याचा इशारा येताच रुग्णालयांना सूचना, पाणपोया, दुपारीही खुली राहणारी उद्याने, भर उन्हात वाहने तिष्ठत राहू नयेत म्हणून काही चौकांतील बंद सिग्नल, असे हे उपाय आहेत. यांपैकी एकही फार खर्चाचा नाही. मात्र आकडा हाती नसता तर यांपैकी काहीच सुचले नसते, असे माझे मत आहे.

अर्थात आकडा खराही असावयास हवा. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले आणि देशभर खळबळ उडाली. ते उपकरणच सदोष असल्याचे नंतर हवामान खात्याने स्पष्ट केले.

आता पाण्याकडे वळू. २०१९ च्या जुलैत पाऊस लांबला, तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा संपला आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. त्याच वर्षी सप्टेंबरात तेच धरण भरून दारे उघडावी लागली. एकाच वर्षात टंचाई आणि पूर, दोन्ही! पुढे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. दीडशे वर्षांहून जुना अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला, नाग नदीचे पात्र त्या पाण्याला अपुरे पडले, आणि झोपेत असलेल्या वस्त्यांत पाणी शिरले. चार जणांचे प्राण गेले. सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकाचा आणि नदीच्या पात्रातील अडथळ्यांचा प्रश्न त्यानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. पाऊस आकाशातून पडला हे खरे. परंतु तो घरात कोणत्या वाटेने शिरावा, हे आधीच्या अनेक वर्षांच्या बांधकामांनी ठरविले होते.

येथे अतिवृष्टीच्या मोजमापाविषयी एक शंका मांडतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ही मंडळनिहाय कसोटी आपण सर्व जाणतो. पिकांच्या पंचनाम्यासाठी ती ठीक आहे. नाला मात्र चोवीस तास थांबत नाही. तोच पाऊस दीड तासात पडला तर पूल बुडतो, आणि दिवसभर रिमझिमला तर जमिनीत मुरतो. महावेध प्रकल्पामुळे महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित केंद्रे बसली आहेत. तेव्हा तासागणिक आकडा तालुक्यापर्यंत व तेथून सरपंचापर्यंत वेळेत कसा पोहोचेल, याचा विचार व्हावा.

दिग्रसकरांना पुराविषयी मी वेगळे काय सांगणार? २००५ च्या पावसाळ्यात नांदगव्हाण धरण फुटले आणि धावंडा नदीचे पाणी कोठवर आले, ते पाहिलेली माणसे या सभेत बसली आहेत. २२ जुलै २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर पुराने वेढलेल्या लोकांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. २००५ चे पाणी ज्या भिंतीपर्यंत चढले, त्या भिंतीवर आज खूण आहे काय? त्या वर्षी जन्मलेली मुले आता विशीत आहेत. त्यांपैकी कोणी त्याच पट्ट्यात घर बांधावयास निघाला, तर त्याला अडविणारा कागद कोणाकडे आहे? साक्षीदार हयात आहेत तोवर शाळांनी विद्यार्थ्यांना घेऊन या खुणा शोधाव्यात आणि नगरपरिषदेने त्या नकाशावर उतरवाव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. नगररचनेच्या पुस्तकातील पूररेषेला अशा खुणांचाच आधार असतो.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने प्रत्येक मृत्यूची नोंद होते. अहमदाबादच्या अभ्यासकांनी ज्या प्रकारच्या नोंदी वापरल्या, तशाच त्या आहेत. मागील दहा वर्षांतील एप्रिल, मे आणि जूनचे मृत्यू वेगळे काढावेत, वय व वस्ती लिहावी, आणि ज्या वर्षी ऊन अधिक होते त्या वर्षाशी ताडून पाहावे. एका गावाचे आकडे थोडे असतात व त्यांतून घाईने निष्कर्ष काढू नये. म्हणून हे काम तालुक्याने एकत्र करावे. गणिताच्या शिक्षकाला ते दोन रविवारांचे आहे.

त्यातून कदाचित असे दिसेल की एखाद्या तांड्यावर, टिनाच्या घरांच्या ओळीत, मे महिन्यात माणसे अधिक जातात. मग त्या ओळीतील छपरांना उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात देता येईल. अहमदाबादने २०१७ साली सुमारे तीन हजार छपरांवर हा प्रयोग केला. रोजगार हमीच्या कामाची वेळ सकाळी लवकर आणता येईल, आरोग्य उपकेंद्रात क्षारसंजीवनीची पाकिटे आधीच पोहोचविता येतील, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दारात दुपारी कोणी जावयाचे, याची यादी आशा सेविकेकडे व पोलीस पाटलाकडे देता येईल.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पुराच्या खुणा आणि मृत्यूची नोंदवही हे दोन विषय घ्यावेत, एवढी विनंती करतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत. मी येथे सायंकाळपर्यंत आहे.