खाडीतील पाच पाने
(ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



डिसेंबर 2023 मध्ये दाभोळपासून गोवळकोटपर्यंत यांत्रिक होड्यांची जी धर्मार्थ फेरी निघाली, तिच्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांनी मला आज्ञा केली आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक. यंत्रातले मला काही कळत नाही. परंतु त्या फेरीस जाण्याचे मला एक खाजगी कारण होते. ते आज आपणांपुढे उघड करावयाचे मी ठरविले आहे.

प्रथम फेरीची पद्धत सांगतो. ही शर्यत नव्हे. अमेरिकेत होड्यांचे हौशी लोक असा खेळ करतात आणि त्यातून धर्मकार्यास पैसा उभा करतात. वाटेत पाच मुक्काम असतात. प्रत्येक मुक्कामी एक पत्ता ओढावयाचा, आणि शेवटी ज्याच्या पाच पानांचा डाव चढता, तो विजयी. आधी पोहोचल्याने काही लाभ नाही. म्हणून कोणी वेग करीत नाही, निदान करू नये. पत्त्यांचे नाव निघताच आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी जुगार, जुगार म्हणून हाकाटी केली. खुद्द मी वर्गात पत्ते सापडले म्हणून कितीतरी मुलांचे कान पिळलेले आहेत! अखेर बक्षीस म्हणून एक नारळ ठेवावा आणि वर्गणीचा पैन् पै चिपळूणच्या नदीकाठच्या वस्त्यांसाठी एक होडी, यंत्र व तरंगती जाकिटे घेण्यास द्यावा, असे ठरले, तेव्हा विरोध मावळला.

चिपळूणच का, हे येथे कोणास सांगावयास नको. दिनांक 22 जुलै 2021. रात्रभर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता. दोन दिवसांवर पौर्णिमा, त्यामुळे खाडीस उधाणाचे पाणी. वाशिष्ठीचे पाणी उतरावे कोठे? मी त्या दिवशी मुलीकडे होतो. पहाटे अंगणात असलेले पाणी पाहता पाहता जिना चढून आले. आम्ही वरच्या मजल्यावर, नातवंड तापाने फणफणलेले, दिवा नाही, पिण्यास पाणी नाही. दुपार कलल्यावर गल्लीतून एक होडी आली. तुटलेल्या तारा पंख्यात गुंतू नयेत म्हणून तांडेलाने यंत्र वर उचलून ठेवले होते आणि तो बांबूने भिंतीस रेटे देत होडी आणीत होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "गुरुजी, आधी बाळाला द्या."

हा माझा विद्यार्थी. त्याचे नाव मी घेत नाही. त्यास ते आवडणार नाही. चौथीत असताना त्याला भागाकार येईना. एके दिवशी सर्व वर्गादेखत मी म्हणालो होतो, "तुझ्या हातून होडीच चालायची, दुसरे काही होणार नाही." मुले हसली. पुढल्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्या दिवशी तो आम्हांस उंचवट्यावर उतरवून, एक पैसाही न घेता, दुसऱ्या फेरीस गेला.

असो. फेरीच्या दिवशी मी त्याच्याच होडीत बसलो. दाभोळच्या धक्क्यावर पहिले पान निघाले, बदामची दुर्री. धोपाव्यास किलवरची सत्ती. भरतीचे पाणी आत वळले होते, त्याच्या पाठीवर आम्ही चाललो. परचुरीस इस्पिकची राणी मिळाली. लहान होडकी दिसली की तो वेग कमी करी. मोठ्या लाटेने ती उलटतात आणि काठचा चिखलही ढासळतो, असे त्याने मला समजावून सांगितले. कांदळवनाच्या कडेला चिखलावर एक मगर ऊन खात पडली होती. मालदोलीस चौकटची सत्ती आली आणि आमची जोडी जमली. आता मलाही त्या नारळाची हाव सुटली, हे कबूल करतो!

तेथून पुढे शहरातल्या एका हौशी गृहस्थाची झगझगीत होडी वळण सोडून आडवाटेने गेली आणि चिखलात रुतली. मी म्हटले, "पाणी चढतेच आहे, आपोआप सुटेल." त्याने ऐकले नाही. होडीत दोन लहान मुले रडत होती. दोर टाकून, यंत्र सावकाश चालवून, ती होडी खोल पाण्यात ओढून काढीपर्यंत घटका-दीड घटका गेली. आम्ही गोवळकोटास सर्वांत शेवटी पोहोचलो. टेबल आवरीत होते; मी विनंती करून पान ओढले. चौकटची नव्वी. नारळ दुसऱ्याने नेला.

सर्वजण जेवावयास बसले, तेव्हा मी त्याला बाजूस घेतले. वर्गातील ते बोलणे त्याला आठवते का, असे विचारले. आठवत होते. माझ्याकडून चूक झाली, मला क्षमा कर, असे म्हणताना माझा कंठ दाटून आला. तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला.

"त्या दिवशी फार लागले होते, गुरुजी," तो म्हणाला. "माझ्या मुलीला भागाकार येतो. ओहोटी लागली आहे, लवकर जेवून घ्या. परत जाताना मालदोलीच्या अलीकडे पाणी कमी मिळेल."