काळीतलं घर

(वसंत व्याख्यानमाला, नेवासे : पुष्प तिसरे)



विषयाला हात घालण्याआधी टेबलावरच्या या दोन काचेच्या नळ्यांबद्दल सांगतो, कारण पुढच्या रांगेतली पोरं मघापासून त्यांच्याकडेच बघतायत. काल संध्याकाळी याच वेळेला मी दोन्हींत दहा-दहा ग्रॅम काळी माती टाकली. वाळवलेली, कुटलेली, बारीक चाळणीतून काढलेली. एकीत पाणी भरलं, दुसरीत रॉकेल. मातीपेक्षा रॉकेल मिळवायलाच जास्त वणवण झाली. चोवीस तास नळ्यांना हात लावायचा नाही, एवढीच अट. किती रेघा भरल्या ते जाताना बघू.

पत्रिकेवर ‘स्लॅबचा पाया’ असं छापलंय. आपल्याकडे स्लॅब म्हटलं की माणूस वर बघतो. स्लॅब टाकला की मजुरांना जेवण, शेजाऱ्यांना पेढे. पायाखालच्या स्लॅबचे पेढे चाळीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी दिले नाहीत. मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो हा जमिनीवर टेकलेला, कुणी न बघितलेला स्लॅब. आणि त्याच्याही आधी, त्याच्याखालची माती.

आपल्या बोलीत गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वसायची. शाळेत हे शब्द महसुलाचे म्हणून शिकवतात. माझ्या मते ते आधी पायाचे शब्द आहेत. घर बांधायला जागा निवडताना जुन्या माणसानं उंचवटा बघितला, पाणी निघून जाईल असा. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच भिंती पडल्या, राख पडली, पुन्हा घरं उठली, आणि ती माती घट्ट, राखाडी, न फुगणारी झाली. या नेवाशाला 1954 नंतर डॉ. सांकलियांनी डेक्कन कॉलेजच्या वतीनं उत्खनन केलं. वरच्या अंगाला प्रवरेकाठीच जोर्वे आणि दायमाबाद. हजारो वर्षांच्या वस्त्यांचे थर एकावर एक निघाले. पीक काळीत आणि चूल पांढरीत, हा व्यवहार एवढा मुरलेला होता की त्याला कारण विचारायची गरज कुणाला पडली नाही. आणि कारण विचारलं नाही म्हणूनच ते आपण विसरलो.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपण पांढरी सोडून काळीत राहायला गेलो. वाटण्या झाल्या, विहिरीवर वस्ती झाली, रस्त्याकडेला एन.ए.चे प्लॉट पडले. त्यात गैर काही नाही. मात्र घर काळीत नेलं आणि पाया पांढरीतलाच ठेवला, तिथे घोटाळा झाला.

काळी माती बसाल्टच्या झिजेतून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, पत्त्यांच्या कॅटासारखं, पान पानावर. पाणी दोन पानांच्या मधे शिरतं आणि कॅट फुगतो. ऊन लागलं की पाणी निघतं आणि कॅट बसतो. आत्ता मे महिन्यात रानात जा. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो, काठी घातली तर कमरेएवढी जाते. मृग बरसला की त्याच भेगा मिटतात. मिटताना माती आडवी सरकते तशी वरही उचलते.

आता लोकांचा समज असा की जमीन खचते म्हणून भिंत तडकते. काळीत निम्म्या वेळा उलटं असतं, जमीन उचलते म्हणून तडकते. एका मजल्याच्या घराचा भार पायावर दर चौरस मीटरला दोन-तीन टन. फुगणाऱ्या मातीचा वर रेटा त्याहून कितीतरी जास्त असू शकतो. म्हणून तीन मजली इमारत शाबूत आणि शेजारचं एकमजली घर उभं-आडवं फाटलेलं, असं दिसतं. हलकं घरच जास्त सोसतं. पंतप्रधान आवास योजनेतलं पंचवीस चौरस मीटरचं घरकुल घ्या. मैदानी भागात एक लाख वीस हजारांचं अनुदान, त्यात घरमालक पाया किती खोल नेणार?

लक्षणं तुम्हाला पाठ आहेत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. उन्हाळ्यात तिच्यात दहा रुपयांचं नाणं बसतं, पावसाळ्यात ती मिटते आणि दार अडकतं. शनिशिंगणापूरकर हसतील, घराला दारच नसल्यानं त्यांना निदान ते अडकायची भीती नाही. बाकी तालुक्यात सुतार दरवर्षी दार तासतो, दिवाळीनंतर खाली फट पडते, आणि लोक सुताराला शिव्या घालतात.

माझ्याच घराची कथा सांगतो. वडिलांच्या हयातीत वस्तीवर चार खोल्या बांधल्या. मी नुकताच इंजिनिअर झालेलो, ऐटीत होतो. तीन फूट खोदाई, डबर, वर वीट. पश्चिमेला ऊस, पूर्वेला मोकळं रान. उसाला पाटानं पाणी, त्यामुळे पश्चिमेची माती बारा महिने ओली आणि फुगलेली. पूर्वेची मार्चपासून वाळून बसलेली. घर मधोमध फाटलं. वर मी मोरीचं पाणी पायालगतच्या शोषखड्ड्यात सोडलं होतं! वडील काही बोलले नाहीत. फक्त गावातल्या जुन्या घरी नेऊन मला तळखडे दाखवले. खणाच्या घरात लाकडी खांब जमिनीत पुरत नसत, घडीव दगडावर नुसता टेकवत. जमीन बोटभर हलली तर खांब हलतो, तुळई कुरकुरते, माळवद तसंच राहतं. पन्हाळीही अशी लांब की पाणी भिंतीपासून हातभर दूर पडावं. ते घर हलायला तयार होतं, माझं नव्हतं.

तर पाया निवडायचा कसा? आधी खड्डा घ्या. पुस्तकातला नव्हे, प्लॉटवरचा, जेसीबीनं तासाभरात होतो. आपल्या जिल्ह्याला एकच एक उत्तर चालत नाही. पारनेरच्या पठारावर दोन-तीन फुटांत मुरूम किंवा खडक लागतो. तिथे साधा पाया आणि मुरमावर टेकलेला फरशीचा स्लॅब पुरतो, उगाच खर्च करू नका. अकोल्याच्या घाटमाथ्याला पाऊस कितीतरी पटीनं जास्त, माती तांबूस. तिथे पाण्याचा निचरा हा मुख्य प्रश्न. आणि प्रवरा-गोदेच्या काठचे नेवासे, श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, शेवगाव, इथे काळी काही ठिकाणी पुरुषभर, काही ठिकाणी दोन पुरुष.

मुरूम पाच-सहा फुटांत असेल तर काळी पूर्ण ओलांडा आणि फुटिंग मुरमावरच बसवा. त्याहून खोल असेल तर दोन वाटा. पहिली अंडररीम्ड पाइलची, रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं आपल्याच मातीसाठी बसवलेली. साधारण साडेतीन मीटर खोल भोक, कारण त्याखाली ऋतूप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. बुडाशी खांबाच्या अडीचपट रुंद फुगा, तो नांगरासारखा धरून ठेवतो. वर प्लिंथ बीम, आणि बीमच्या खाली चार बोटं पोकळी. ही पोकळी गवंड्याला बघवत नाही. "साहेब, खाली मोकळं राहिलंय," म्हणून तो माती ठोकून ठोकून भरतो. पावसाळ्यात तीच माती बीम उचलते. साइटवर मी दुसरं काही बघितलं नाही तरी वाकून ती पोकळी बघत असे.

दुसरी वाट राफ्टची. घराखाली सबंध स्लॅब आणि त्याच्या पोटातून दोन्ही दिशांना खोल बीम, उलट्या ठेवलेल्या फणीसारखे. माती हलली तर घर नावेसारखं एकत्र हलावं, तुकड्यांनी नको. यात सळई खाली आणि वर, दोन्हीकडे लागते, कारण जमीन कधी मध्ये उचलते, कधी कडेला. वरची जाळी खुर्च्यांवर धरा. "ओतताना हुकनं वर ओढू" असं सेंटरिंगवाला म्हणाला तर काम थांबवा. ती ओढली जात नाही.

ऑस्ट्रेलियात घर बांधण्याआधी प्लॉटला अक्षर देतात. खडकाला, वाळूला एक. फुगणाऱ्या मातीला किती फुगते त्याप्रमाणे पुढची. आणि त्या अक्षरावरून स्लॅबखालच्या बीमची खोली ठरते. आपण प्लॉटची दिशा विचारतो, वास्तू विचारतो, मातीचं अक्षर विचारत नाही.

भरावाबद्दल मात्र मी जरा तापतो. जोत्यात, फरशीखाली वाळू भरायची रीत आहे. काळीवर वाळू भरणं म्हणजे घराखाली पाण्याचा रांजण पुरणं. वाळूतून पाणी पसरतं आणि काळी निवांत पिऊन घेते. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी कालव्यांच्या अस्तरासाठी दाखवून दिलं की न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर काळीला दाबून धरतो. आपल्याकडे चांगला मुरूम हाच तो थर. वीतभर थर, पाणी, धुमस. मग पुढचा थर. तीन फूट एकदम ओतून वर ट्रॅक्टर फिरवला म्हणजे भराव होत नाही.

काँक्रीट एम-20च्या खाली नको. नगरच्या मे महिन्यातला वारा दोन तासांत स्लॅबचं पाणी ओढून घेतो, म्हणून उन्हं उतरल्यावर ओता, गोणपाट टाका, किमान दहा दिवस पाणी मारा. खारपट जमिनीत स्लॅगचं सिमेंट वापरा. आणि घराभोवती चार फुटांची उताराची पट्टी करा, पागोळी तिच्यावर पडू द्या. हजारो रुपयांच्या दुरुस्तीपेक्षा ही पट्टी स्वस्त. शोषखड्डा घरापासून दहा फूट लांब ठेवा.

अलीकडची एक गोष्ट. 26 ऑक्टोबर 2023 ला निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं. 85 किलोमीटरचा कालवा. अर्धशतक वाट बघितलेलं पाणी, आनंदच आहे. पण अकोले-संगमनेरपासून खाली जिरायत काळीत जी घरं वर्षानुवर्षं वाळल्या मातीवर निवांत उभी होती, त्यांच्या शेजारी आता पाट वाहील, ऊस उभा राहील. माझ्या पश्चिमेच्या भिंतीला जे झालं ते तिथे होईल. त्या गावांत आत्ता घर बांधणाऱ्यानं आजची कोरडी जमीन बघून पाया ठरवू नये. पाणी आल्यावर ती कशी वागेल ते विचारून ठरवावा.

चला, नळ्या बघू. बाळ, तू वाच. रॉकेलमधली माती? दहा. पाण्यातली? एकोणीस. म्हणजे रॉकेलातल्या मातीच्या मानानं नव्वद टक्के फुगली. पन्नासच्या वर गेली की मी साधा पाया घालू देत नाही. कुणाच्या प्लॉटची म्हणून मान वर करून बघू नका. माझ्या वस्तीवरच्या बैठकीच्या खोलीखालची आहे.