अंगठा उमटवण्यापूर्वी



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते. ती अनुभवातूनच आलेली आहे. तारखांवर तारखा, एस.टी.चं भाडं, बुडालेली मजुरी, हे सगळं ज्यानं भोगलं त्यानंच ती केली असणार. परंतु या म्हणीचा एक वाईट परिणामही झाला. कायदा म्हणजे कोर्ट आणि कोर्ट म्हणजे संकट, असं आपल्या मनात पक्कं बसलं. मग कायद्यापासून जितकं लांब राहावं तितकं बरं, असं आपण समजू लागलो.

पण आपण लांब राहिलो म्हणून कायदा लांब राहत नाही. तो आपल्या घरात, पत्र्याच्या पेटीत असतो. सातबारा, सोसायटीचा कर्जरोखा, बाजार समितीची पावती, मुलाचा जन्मदाखला, हे सगळे कायद्याचेच कागद. कोर्टाची पायरी फार पुढे येते. तिच्या आधीची पायरी आपल्याच ओट्यावर असते, आणि ती म्हणजे समोर आलेला कागद वाचणे. माणूस कोर्टात हरला असं आपण म्हणतो. पण पुष्कळदा तो या ओट्यावरच, न वाचलेल्या कागदावर अंगठा उमटवला तेव्हाच हरलेला असतो.

आज तुमच्यापुढे असे तीन कागद ठेवणार आहे. तिन्ही आपल्या खानदेशातल्या रोजच्या व्यवहारातले आहेत.

पहिला कागद नडीचा. समजा, शिंदखेडा तालुक्यातला एक कोरडवाहू कपाशीचा शेतकरी आहे. पावसानं दडी मारली, दुबार पेरणी आली, बँकेचं कर्ज आधीच थकलेलं. ओळखीचा एक माणूस पैसे द्यायला तयार होतो. तारण म्हणून तो दोन एकर लिहून मागतो. “भाऊ, आपल्यात काय परकेपणा? पैसे फेडले की जमीन तुझ्या नावावर परत.” दोघं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातात, दस्त होतो. शेतकरी समजतो, जमीन गहाण पडली. कागदावर मात्र शब्द असतात ‘कायम खरेदीखत’. परत देण्याचं वचन तोंडातच राहतं.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे. त्यात १९२९ साली एक दुरुस्ती झाली. पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याची अट ज्या दस्तानं विक्री झाली त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर त्या व्यवहाराला गहाण म्हणता येत नाही. म्हणजे ते एक वाक्य कागदात आहे की नाही, यावर दोन एकरांचं भवितव्य ठरतं. ते वाक्य शोधायला वकिलीची सनद लागत नाही. वाचता येणारा आणि आपल्या बाजूचा एक माणूस लागतो.

अशा शेतकऱ्याला दुसरं दार अगदीच नाही असं नव्हे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे. सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. जमीन विनापरवाना सावकारीच्या कर्जापोटीच गेली, असं चौकशीत ठरलं, तर तो दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. मात्र या अर्जालाही मुदत आहे आणि पुरावाही लागतो. पैसे कधी घेतले, किती फेडले, कोणासमक्ष, हे त्या त्या वेळी वहीत लिहून ठेवलेलं असेल तर बरं. ‘नंतर पाहू’ म्हणणाऱ्याची बाजू दर वर्षी लुळी पडत जाते.

दुसरा कागद मायेचा. आखाजीला लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी होतात, पुरणपोळी आणि आमरस होतो. अशाच एखाद्या सणाच्या घाईत भाऊ म्हणतो, “ताई, उद्या जरा तालुक्याला चल, एक सही हवी आहे.” तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीनं दिला. त्या वेळी वडील हयात असले पाहिजेत अशी अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. आता बहिणीनं हक्क सोडावा की ठेवावा, हा तिचा प्रश्न. भावाची ओढाताण पाहून तिनं मनापासून सोडला तर कोणी आड येणार नाही. पण काय सोडतो आहोत, किती सोडतो आहोत, आणि नोंदणी झाल्यावर ते सहजासहजी परत मिळत नाही, हे तिला सहीच्या आधी कळलं पाहिजे. माया आहे म्हणून कागद वाचू नये, असा काही नियम नाही.

तिसरा कागद न लिहिलेला आहे. साक्री आणि शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांत डोंगराच्या कडेला पिढ्यान् पिढ्या वनजमीन कसणारे आदिवासी बांधव राहतात. त्यांच्यासाठी २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी अशी जमीन कसत आहे, त्याला प्रत्यक्ष ताब्याइतकी, पण चार हेक्टरांच्या आत, जमिनीचा हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेपुढे करायचा, तिथून तो प्रांताच्या समितीकडे आणि पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो. पुरावा म्हणून जुनी दंडाची पावती चालते, सरकारी नोंद चालते. आणि एक विशेष गोष्ट म्हणजे दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून चालतो. अट एवढीच की तो लेखी असला पाहिजे. म्हातारा बाबा नाल्याकडे बोट दाखवून सांगतो, ‘याच्या आज्यानं ही खाचरं काढली.’ हे त्याचं बोलणं पुरावा आहे, पण ते कागदावर कोणीतरी उतरवलं पाहिजे. एका ठिकाणी वाचणारा नव्हता म्हणून जमीन गेली. इथे लिहिणारा मिळाला नाही तर मिळणारी जमीन मिळत नाही. दावा नामंजूर झाला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. त्यासाठी नामंजुरीचा कागद दावेदाराच्या हाती पडून त्याला समजला तर पाहिजे!

श्रोतेहो, हे दुखणं नवं नाही. शहादा भाग धुळे जिल्ह्यात होता तेव्हाची गोष्ट आहे. तिथल्या आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी हाती घेतला, आणि १९७२ साली तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. ‘पॅरालीगल’ हा शब्द तेव्हा गावात कोणी ऐकला नव्हता. पण नावावरची जमीन दुसऱ्याच्या नावावर कशी गेली, हे जुन्या उताऱ्यांतून उलगडून सांगणारा माणूस लागतो, ही गरज तीच होती. पुढे आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा महाराष्ट्रानं केला.

गरिबाला कायद्याची मदत सरकारनं द्यावी, हा विचारही जुना आहे. १९४९ साली मुंबई सरकारनं न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती नेमली होती. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आलं आणि मोफत कायदेशीर मदत हे शासनाचं कर्तव्य ठरलं. १९७८ साली महाराष्ट्रातलाच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. शिक्षा झालेला कैदी अपील घेऊन चार वर्षांहून अधिक उशिरा आला होता. निकालाची प्रतच आपल्याला मिळाली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचा अर्ज फेटाळला गेला. पण न्यायालयानं दंडक घालून दिला की, कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेवर मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर वकीलही मिळाला पाहिजे. पाहा, इथेही प्रश्न पुन्हा कागदाचाच!

पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याप्रमाणे जळगाव आणि धुळे इथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि तालुक्यांच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समित्या आहेत. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतले कैदी, औद्योगिक कामगार, पूर-दुष्काळानं पीडलेले, या सर्वांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. कोर्ट फी, नकलांचा खर्च, हेही त्यात येतं. ‘फुकटचा वकील कच्चा असणार’ अशी शंका पुष्कळांना येते. नेमलेला वकील लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करून दुसरा मागता येतो, हेही लक्षात असू द्या.

आता प्रश्न असा की, डोंगरातल्या पाड्यावरची बाई जिल्ह्याच्या न्यायालयात पोचणार कशी? त्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं २००९ साली विधी स्वयंसेवकांची योजना आणली. त्यांनाच पॅरालीगल व्हॉलंटिअर म्हणतात. शिक्षक, निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, डॉक्टर, बचत गटातल्या भगिनी, कायद्याचे विद्यार्थी यांना हे काम करता येतं. इतकंच काय, दीर्घ शिक्षा भोगणारे, सुशिक्षित आणि चांगल्या वर्तणुकीचे कैदीसुद्धा तुरुंगात ते करतात. प्राधिकरण त्यांना शिकवतं आणि ओळखपत्र देतं.

हा स्वयंसेवक करतो काय? कोणी कागद घेऊन आलं की तो चार गोष्टी पाहतो. हा कागद पाठवला कोणी? त्यात मागणी काय आहे? उत्तर कोणत्या तारखेच्या आत द्यायचं? आणि त्याची प्रत आपल्याजवळ राहिली का? एवढं झालं की कोणत्या कचेरीत जायचं ते तो सांगतो, अर्ज लिहून देतो, लागलं तर सोबत जातो. पोलीस ठाण्यात तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेऊन फिर्यादीला वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत मोफत दिली पाहिजे, असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिताही सांगते. पूर्वीच्या संहितेतही हे होतंच. बाई घाबरली असेल, तर ‘साहेब, जरा वाचून दाखवा’ हे शब्द तिच्या वतीनं स्वयंसेवक बोलतो.

जितकं त्यानं करायचं, तितकंच त्यानं काय करू नये हेही महत्त्वाचं आहे. तो वकील नाही, त्यानं न्यायालयात बाजू मांडायची नाही. लोकांकडून पैसा घ्यायचा नाही, चहापाण्याच्या नावाखालीही नाही. गाव लहान असतं. वादी त्याचा मामा आणि प्रतिवादी त्याचा शेजारी असू शकतो. म्हणून एकाच्या घरातली गोष्ट दुसऱ्याच्या ओट्यावर न्यायची नाही. त्यानं पंच होऊन निवाडाही द्यायचा नाही. बलात्कारासारखा गुन्हा ‘गावातच मिटवून टाकू’ असं म्हणणारे भेटतात. ते मिटवणं कायद्याला मान्य नाही, आणि स्वयंसेवकानं त्या बैठकीला बसूच नये. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर ती जरूर करावी, तिथे फी नाही. पण तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. तेव्हा सहीपूर्वी तडजोडीची अटन् अट समजून घेतली पाहिजे.

शिक्षक मित्रहो, तुमच्याकडे या कामाची निम्मी तयारी आधीच आहे. गावात पत्र आलं की लोक शाळेकडे येत. पुष्कळ ठिकाणी अजूनही येतात. सातवीच्या वर्गात एक दिवस सातबारा वाचायला घ्या. गट क्रमांक कुठे, क्षेत्र किती, खातेदार कोण, ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा कसा दिसतो, हे मुलांना दाखवा. त्या संध्याकाळी मूल घरचा उतारा बापाला वाचून दाखवील. बाप कदाचित पहिल्यांदाच ऐकेल की, फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून उताऱ्यावर तसाच आहे.

आणि शिकलेल्यांनीही गैरसमजात राहू नये. मोटारसायकलचं कर्ज घेताना वीस पानांवर वीस सह्या करणारा आपला पदवीधर मुलगा तरी कुठे वाचतो? सही आणि अंगठा यांत फरक शाईचा. न वाचता केली तर दोन्ही सारखीच.

अडचण आली तर १५१०० या क्रमांकावर फोन करा, किंवा तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचा दरवाजा कुठला, ते विचारा. आणि त्याआधी, कागद पुढे सरकवून कोणी ‘इथं अंगठा दे’ म्हणालं, तर लाजू नका, संकोच करू नका. आपल्या अहिराणीत सरळ विचारा : “दादा, कागदमा काय लिखेल शे?” समोरचा माणूस सरळ असेल तर वाचून दाखवील. तो चिडला, घाई करू लागला, तर कागद बाजूला ठेवा आणि वाचणारा माणूस बोलावून आणा. तोवर शाई वाळली तरी हरकत नाही.