गेटवरची कुत्री आणि आपण
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या वार्षिक सभेत पाण्याच्या खालोखाल वाद होतो तो गेटवरच्या कुत्र्यांवरून. एक म्हणतो हाकला, दुसरा म्हणतो पोळी घाला. मी बँकेतला माणूस, आधी हिशेब बघतो.

मुंबईत महापालिका वर्षानुवर्षे कुत्री मारत असे. तरी संख्या घटेना. रिकाम्या जागी दुसरी येत. १९८५ साली स्थापन झालेल्या ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’सारख्या संस्था नुसती भूतदया सांगत बसल्या नाहीत. शाळांत जाऊन मुलांना समजावलं, रस्त्यावर औषधोपचार केले, नसबंदी करून दाखवली. प्राणिमित्र कोर्टातही गेले. १९९०च्या दशकात मुंबईतलं मारणं थांबलं. २००१मध्ये केंद्राचे नियम आले: नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, त्याच जागी सोडा. २०२३च्या नियमांनी सोसायट्यांवरही काम टाकलं: खाऊ घालायची जागा ठरवा, जिना आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासून लांब.

म्हणजे कुत्र्याला पोळी आणि पोराला सुरक्षितता, दोन्ही एकाच खात्यात बसतं. आपट्यात आपण एवढं करू या: जागा ठरवू, नसबंदी आणि लसीसाठी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊ. आणि मुलांनो, कुत्रा चावला तर घरी लपवायचं नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लक्षणं दिसल्यावर फार उशीर झालेला असतो.