वृक्षावर वसणारे झुडूप : मेडिनिला
(वनमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वनमहोत्सवाच्या सभेत आंबा, काजू, सागवान यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आज मात्र मी फिलिपीन्स देशातील एका दुर्मिळ झुडपाचा परिचय करून देणार आहे. मी कलाशाखेचा पदवीधर असल्याने शास्त्रीय परिभाषेचा भार आपणांवर फारसा पडणार नाही.

या झुडपाचे नाव मेडिनिला मॅग्निफिका. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी 1850 साली त्याचे नामकरण केले. लुझॉन बेटावरील डोंगराळ, दमट अरण्य हे त्याचे माहेर. तेथे ते मोठ्या वृक्षांच्या बेचक्यांत वाढते. बेचक्यात साठलेला पालापाचोळा आणि शेवाळ हीच त्याची जमीन. पाऊस आणि धुके हेच त्याचे पाटबंधारे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. आपल्या आंब्यावरील बांडगूळ फांदीत शोषकमुळे घुसवून झाडाचे पाणी व क्षार ओढून घेते. ते परजीवी होय. मेडिनिला वृक्षाकडून केवळ जागा घेते. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. आपल्याकडील वृक्षांवरच्या आमरी त्यांपैकीच. परंतु झाडावर दुसरे काही हिरवे दिसले की कोयता चालवावयाचा, ही आपली सवय आहे, आणि तीत चोराबरोबर पाहुणाही मारला जातो.

मेडिनिलाचे खोड जाड व चौधारी असून पेरांवर राठ केस असतात. पाने समोरासमोर, देठरहित, चामड्यासारखी चिवट व सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंत लांब. त्यांवरील ठळक शिरा कमानीसारख्या वळून टोकाकडे जातात. फुलोरा खाली लोंबतो. त्याची लांबी 50 सेंटिमीटरपर्यंत भरते. त्यातील गुलाबी, पाकळ्यांसारखे भासणारे भाग वस्तुतः छद होत. खरी फुले लहान असून त्यांखाली घोसाने लटकतात.

हे कूळ आपणांस परके नाही. निळ्या फुलांची आपली अंजनी याच कुळातील, जरी तिच्या पानांत ती कमानदार शिरांची रचना दिसत नाही. मेडिनिला वंशातील काही जाती तर सह्याद्रीच्या दक्षिण भागातील सदाहरित वनांतही आढळतात.

मौज अशी की, मूळ अरण्यात दुर्मिळ असलेले हे झुडूप युरोपातील काचगृहांत मुबलक आहे. बेल्जियमचे राजे बोदुएँ यांना ते इतके प्रिय होते की, त्यांच्या चित्राच्या 10,000 फ्रँकच्या नोटेवरही त्यास स्थान मिळाले. ते चलन 2002 साली बंद झाले. लुझॉनमधील जुनी वने तुटली, ती मात्र काचगृहांतून परत आणता येत नाहीत. कारण या झुडपास नुसते झाड पुरत नाही, वयोवृद्ध झाड लागते. आपण आज लावीत असलेल्या रोपांना अद्याप बेचके नाही, सालीवर शेवाळ नाही. ते येण्यास कित्येक वर्षे जावी लागतील. म्हणून रोपे लावण्याच्या उत्साहात गावच्या देवराईतील एखादा जुना वृक्ष तोडून जागा मोकळी करण्याचा प्रस्ताव आला, तर तो मला हिशेबात बसणारा वाटत नाही.

बांडगूळ अवश्य काढावे. ओळखण्याची खूण सोपी आहे : त्याचा बुंधा फांदीत गाठीसारखा एकजीव झालेला असतो, तर आमरीची मुळे सालीवर नुसती चिकटलेली असतात. या मंडपामागील आंब्यावर दोन्ही आहेत. सभा संपल्यावर वनरक्षक ती दाखवतील. शिक्षकांनी मुलांना अवश्य घेऊन यावे.