शिरा, गोंदण आणि लेझर
(मंडळाच्या आरोग्यविषयक संध्याकाळी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही म्हणजे सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीमागची मंडळी. डॉक्टर नव्हे, डिप्लोमा केलेले फार्मासिस्ट. उपचार ठरवणं हे आमचं काम नाही. पण डॉक्टरांना विचारायचा राहिलेला प्रश्न माणूस खिडकीशी येऊन विचारतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. हल्ली दोन प्रश्न सारखे येतात. एखादा मुलगा बाही वर सारून म्हणतो, "भैया, ये मिट जाएगा क्या?" आणि एखाद्या काकू घोट्याशी साडी जरा उचलून हळूच विचारतात, "या निळ्या शिरा लेझरने जातात म्हणे?"

मुलाचं आधी सांगतो, कारण त्याला घाई असते. आपलं इंदूर महूला लागून. सैन्यात, पोलिसात जायचं म्हणून पहाटे मैदानावर धावणारी मुलं आपल्याच घरांतली आहेत. यांतल्या कितीतरी जणांनी सोळाव्या-सतराव्या वर्षी जत्रेत किंवा मित्राच्या दुकानात दंडावर, मानेवर काहीतरी काढून घेतलेलं असतं. सैन्यभरतीचा नियम असा, की कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या पाठीवर कायमचं गोंदण चालतं, इतरत्र नाही. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या परंपरेच्या गोंदणासाठी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र दलांत याहून कडक : कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात फक्त डावा हात, म्हणजे सलाम न करणारा, आणि तोही आतल्या बाजूने. जाहिरातीगणिक नियम वाचून घ्यावा. मुलं तो वाचतात, पण मेडिकलला महिना राहिलेला असताना.

आणि एका महिन्यात ते जात नाही. का, ते सांगतो. शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, खालच्या थरात असते. तिथल्या पेशींनी शाईचे कण गिळून धरून ठेवलेले असतात, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. लेझर म्हणजे एकाच रंगाचा, एकवटलेला प्रकाश. पहिला लेझर मेमन या शास्त्रज्ञाने 1960 साली माणकाच्या कांडीतून काढला. पण कातडी शाबूत ठेवून आतला रंगच तेवढा कसा गाठायचा, याची रीत अँडरसन आणि पॅरिश यांनी 1983 साली मांडली. ज्याला जो रंग शोषता येतो तो प्रकाश द्यायचा, आणि इतक्या थोड्या वेळासाठी द्यायचा की आजूबाजूला उष्णता पसरायच्या आत काम उरकावं. गोंदणासाठी हा झोत सेकंदाच्या एक अब्जांश भागांत मोजतात. त्याने शाईचा कण फुटतो. पुढचं काम लेझरचं नाही, शरीराचं आहे. फुटलेला चुरा पेशी हळूहळू उचलून नेतात, म्हणून दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात. दुकानातल्या यंत्राने भरलेल्या गोंदणाला सहा ते दहा बैठका लागणं नेहमीचं. हिशेब तुम्हीच करा. वर्ष गेलं.

काळी शाई सर्वांत लवकर जाते. हिरवी, पिवळी चिवट. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हातावर असलेलं तुळशीचं गोंदण काजळीचं, म्हणजे कार्बनचंच. ते बहुधा कमी बैठकांत फिकं होतं. (एखाद्या नातीला ते 'काढून टाकावं' असं वाटतं, आजीला वाटत नाही. तिथे आम्ही आजीच्या बाजूने.)

आपल्या सावळ्या कातडीचा प्रश्न वेगळा. तिच्यातला रंगसुद्धा प्रकाश शोषतो. चुकीचं यंत्र, जास्त जोर, की भाजून पांढरे किंवा काळे डाग. म्हणून आपल्याकडे 1064 नॅनोमीटरचा लांब लहरीचा लेझर बरा समजतात, आणि आधी कोपऱ्यात छोटीशी चाचणी करून काही आठवडे पाहतात. चाचणी न करता पहिल्याच दिवशी पॅकेजचे पैसे मागणारं पार्लर असेल तर उठून यावं. यंत्र त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली चालतंय ना, डोळ्यांवर संरक्षक चष्मा देतात ना, एवढं तरी विचारावं. जखमेचे वण फुगून येण्याची खोड असेल, किंवा गोंदणाखाली तीळ असेल, तर तेही आधी सांगावं.

सर्वांत वाईट पाहिलंय ते घाईचं. मिठाने घासलेले, ॲसिड लावलेले, कुठलंसं 'मिटाने वाली' क्रीम चोपडलेले हात आमच्या खिडकीशी मलम मागायला येतात. कातडी जाते, वण राहतो, आणि वणाखाली शाई तशीच. भरतीच्या डॉक्टरला मग दोन गोष्टी दिसतात.

आता काकूंकडे वळू. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि ते खाली येऊ नये म्हणून शिरांत झडपा असतात. झडपा सैल झाल्या की रक्त साचतं, शीर फुगते. दिवसभर उभे राहणारे शिक्षक, दुकानदार, ओट्याशी उभ्या असणाऱ्या बाया, आणि ज्यांच्या घरात आधी कुणाला होतं ते. गरोदरपणात दिसलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याचदा ओसरतात, तोवर थांबावं.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा वेगळ्या, आणि दोरीसारख्या वळलेल्या शिरा वेगळ्या. चेहऱ्यावरच्या बारीक रेषांना वरून लेझर उत्तम. पायावरच्या बारीक शिरांना बहुधा सुईने औषध टोचून बंद करतात. दोरीसारख्या शिरेवर वरून लेझर मारून काही होत नाही. तिथे सोनोग्राफीत पाहत शिरेच्या आत बारीक तंतू सरकवतात, भोवती बधिर करणारं पाणी भरतात आणि आतून उष्णतेने ती शीर मिटवतात. रक्त आतल्या चांगल्या शिरांनी जातं. माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो.

पण त्याआधी उभं करून कलर डॉपलर झालीच पाहिजे. कुठली झडप गळते, आतल्या शिरेत गुठळी आहे का, हे बाहेरून दिसत नाही. डॉपलरशिवाय भाव सांगणाऱ्याकडे जाऊ नये. दाबाचे मोजेसुद्धा मधुमेही आणि विडी-सिगारेटवाल्यांनी पायाची नाडी तपासून घेतल्यावरच घालावेत.

काकू विचारतात ते दिसण्याबद्दल. आम्हाला काळजी वाटते घोट्याच्या आतल्या बाजूला काळपट झालेल्या, खाजणाऱ्या कातडीची. तिथे जखम झाली की हळद, तेल लावत महिने जातात आणि ती भरत नाही. अशा वेळी सर्जनकडे जावं. शस्त्रक्रिया लागली तर ती आयुष्मान कार्डात बसते का, हे दवाखान्याच्या काउंटरवर विचारावं. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर लेझरचा विचार सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि फुगलेल्या शिरेला खरचटून रक्त वाहू लागलं तर घाबरून मांडीला फडकं आवळू नये, त्याने रक्त वाढतं. माणसाला आडवं करावं, पाय उशीवर उंच ठेवावा, स्वच्छ कापड जागेवर दहा-पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरावं. नाहीच थांबलं तर पाय तसाच उंच ठेवून, दाब न सोडता गाडीत घालावं.

आता प्रश्न विचारा. मुलांनी आधी विचारावेत, त्यांची सकाळी धावायची वेळ लवकर असते.